पाणवनस्पतींची साक्ष

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नदीकाठी दहा-वीस घरांची वस्ती होती तोवर ती पाळणे सोपे होते. नदी येते कुठून आणि जाते कुठे याची चौकशी न करता माणसे तिच्यात न्हात, तिचेच पाणी भरीत आणि सणासुदीला तिची ओटी भरून घरी परतत. पुढे काठांवर लक्षावधी वस्तीची शहरे उठली. त्यांचे मैलापाणी, कारखान्यांचे धुवण, शेतांतून निथळलेली खते, सारे त्याच प्रवाहात उतरू लागले. मग मात्र नदीला विचारणे भागच पडले की, बाई, तुझ्या पोटात काय काय गेले आहे?

नदी उत्तर देत नाही. साक्षीदार शोधावे लागतात. पहिले साक्षीदार माणसाचे डोळे आणि नाक. दुसरा साक्षीदार रसायनशास्त्रज्ञाची बाटली. तिसरा मात्र नदीच्या पात्रातच, तळाच्या गाळात मूळ रोवून, महिनोन् महिने उभा असतो. तो म्हणजे पाणवनस्पती. कोणती वनस्पती कुठे उगवली आहे, ती किती पसरली आहे आणि पूर्वीची कोणती दिसेनाशी झाली आहे, एवढे नीट पाहिले तर त्या पाण्यात झाडांचे खाद्य किती साठले आहे याचा अंदाज बांधता येतो. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात चार ओळींत सांगून होते. पण ती साक्ष ऐकायला, तिची भाषा बसवायला आणि तिच्या भरवशावर पैसा खर्चायला युरोपातल्या माणसांना सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांची ही हकीगत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनची टेम्स नदी म्हणजे उघडे गटार झाले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात तिची दुर्गंधी इतकी वाढली की, काठावरच्या पार्लमेंटच्या इमारतीतले पडदे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. नाकाची साक्ष एवढी जबर होती की, लंडनच्या भुयारी गटारांसाठी लागणारा पैसा पार्लमेंटने लगोलग मंजूर केला. पण नाकाला वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याच्या आठ वर्षे आधी, १८५० मध्ये, आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टराने लंडनकरांना पुरवले जाणारे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात दिसलेले जीव चित्रांसह छापून लोकांपुढे ठेवले. १८५३ मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (हे शहर आता पोलंडमध्ये आहे) फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पिण्याच्या पाण्यातील जीवांवर असाच लेख लिहिला. निवळ पाण्यात राहणारे जीव निराळे आणि कुजक्या पाण्यात राहणारे निराळे, ही कल्पना या सुमारास रुजू लागली. माणसाच्या संगतीवरून माणूस ओळखावा, तसे पाण्याच्या रहिवाशांवरून पाणी ओळखावे, असा तिचा आशय.

या कल्पनेला शिस्त आणली ती बर्लिनच्या दोघा संशोधकांनी. रिखार्ड कोल्कविट्झ आणि माक्सिमिलियान मार्सोन ही त्यांची नावे. पाणीपुरवठा आणि मैलापाण्याची विल्हेवाट या कामासाठी १९०१ मध्ये बर्लिनला सरकारी संस्था निघाली होती. तिथे दोघे काम करीत. १९०२ मध्ये त्यांनी आपली तत्त्वे मांडली, १९०८ मध्ये वनस्पतींची यादी दिली आणि १९०९ मध्ये प्राण्यांची. मैलापाणी नदीत पडल्यापासून ती पुन्हा निवळेपर्यंत तिच्या वाटचालीचे त्यांनी टप्पे पाडले, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणते जीव भेटतात ते नोंदवून ठेवले. नदीवरचा माणूस यादी हाती घेऊन निघाला की, पाण्यातल्या जीवांवरून आपण घाणीच्या कोणत्या टप्प्यावर उभे आहोत ते त्याला कळे. यादीतल्या वनस्पती बहुतेक सूक्ष्म शैवाल आणि जंतू यांच्या जातीच्या होत्या. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या पाणझाडांची पाळी अजून यायची होती.

याच काळात इंग्लंडमध्ये एक मोठा निर्णय झाला. १८९८ मध्ये नेमलेल्या मैलापाण्यावरील शाही आयोगाने १९१२ मध्ये आपला आठवा अहवाल दिला. शुद्ध करून नदीत सोडलेल्या मैलापाण्यात दर लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तरंगता गाळ नसावा, आणि त्यातील घाण कुजताना पाच दिवसांत जो प्राणवायू खाते तो २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा त्याने सुचवली. त्यात नदीचे निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, हेही गृहीत धरले होते. ही वीस-तीसची मर्यादा पुढे देशोदेशींच्या अभियंत्यांना पाठ झाली. तिच्यामुळे नद्यांचे भले झाले यात शंका नाही. पण तिच्यात एक फट राहून गेली होती.

ती फट आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. उकिरड्यातले शेण पुरते कुजले की त्याची घाण जाते. कस जात नाही. उलट कुजल्यावरच तो कस पिकाच्या मुळांना लागू होतो. मैलापाण्याचेही तसेच आहे. शुद्धीकरणाच्या टाक्यांतले जंतू घाण खाऊन टाकतात आणि पाणी काचेसारखे निवळ दिसू लागते. ते वीस-तीसच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास होते. पण त्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद बरेचसे तसेच असते. म्हणजे आपण नदीत घाण सोडणे थांबवले आणि खत सोडणे चालू ठेवले! दुसऱ्या महायुद्धानंतर स्फुरदाची संयुगे घातलेल्या कपडे धुण्याच्या पावडरी घरोघर आल्या, शेतांत रासायनिक खतांची पोती रिकामी होऊ लागली, आणि या अदृश्य खताला पूर आला.

खत पडले तर बिघडले कुठे, नदी हिरवीगार होईल, असे कोणी म्हणेल. पण गरीब पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती काटकसरी संसार करणाऱ्या असतात. थोडक्यात भागवायचे, सावकाश वाढायचे, ही त्यांची रीत. खाद्याची चंगळ झाली की भरभर वाढणाऱ्या, अधाशी जातींचे फावते. लांब केसांसारखे शैवाल सगळ्यांच्या अंगावर पसरते आणि खालच्यांचे ऊन अडवते. काटकसरी वनस्पती उपासमारीने मरत नाहीत. भरल्या पंक्तीत अंधाराने मरतात. रात्री हे शैवालाचे रान श्वासोच्छ्वास करून पाण्यातला प्राणवायू कमी करते; ते मेले की कुजताना उरलासुरलाही संपवते, आणि मासे तडफडतात. तळ्यांच्या बाबतीत ‘कमी पोसलेली’ आणि ‘फार पोसलेली’ असा भेद स्वीडनच्या आयनार नाउमान याने १९१९ च्या सुमारासच केला होता. या प्रकरणात स्फुरदाचा हात किती, ते कॅनडातल्या एका प्रयोगाने जगाला दाखवले. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सरोवर २२६’ हे लहानसे सरोवर मधोमध पडदा टाकून दोन भागांत वाटले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग शैवालाने हिरवा झाला, दुसरा निवळच राहिला. आकाशातून घेतलेले त्याचे छायाचित्र पुढे जगभर गाजले.

आता प्रश्न नदीचा. तळ्याचे पाणी थांबून असते. नदीचे क्षणाक्षणाला पुढे जाते. सकाळी दहाला बाटली भरली तर ती सकाळी दहाची साक्ष देते. रात्री दोनला काय वाहून गेले, गेल्या पंधरवड्याच्या पावसाने शेतातून काय आणले, हे तिला ठाऊक नसते. तळाशी उगवलेली वनस्पती मात्र कुठे गेलेली नसते. बाटली वाटसरू, तर वनस्पती गावकरी. गावकऱ्याची साक्ष घ्यायची तर आधी त्याचा स्वभाव जाणून घ्यायला हवा, आणि हे काम फार धिम्या गतीने झाले.

इंग्लंडमध्ये रॉजर बुचर या संशोधकाने १९३३ मध्ये ब्रिटनच्या नद्यांतील मोठ्या पाणवनस्पतींची पाहणी प्रसिद्ध केली. पाण्याची ओढ आणि तळाचा प्रकार यांवर वनस्पतींची वस्ती फार अवलंबून असते, असे त्याने दाखवले. खडकाळ उतारावरचे रहिवासी वेगळे, संथ चिखलातले वेगळे. ही सूचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे वाद झाला तो याच मुद्द्यावर. जर्मनीत अलेक्झांडर कोहलर याने म्युनिकजवळच्या मोसाख या छोट्या नदीचा ध्यास घेतला. झऱ्यांच्या निवळ, चुनखडीयुक्त पाण्यावर पोसलेली ही नदी. तिचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात कोणती वनस्पती किती आहे, ते एक ते पाच अशा अंदाजी आकड्यांत तो मांडी. पोटॅमोजेटॉन कोलोराटस ही तांबूस छटेची वनस्पती उगमाकडच्या निवळ पाण्यात नांदत होती आणि मैलापाणी मिसळताच नाहीशी होत होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हे नकाशासह छापले. पुढच्या प्रयोगांत अमोनियाची संयुगे तिला बाधतात असेही दिसले. पुढच्या दशकांत तो त्याच नदीवर पुन्हा मोजणीला गेला. त्यामुळे एका नदीच्या बिघडण्याची आणि सुधारण्याची रोजनिशी वनस्पतींच्या नावांत लिहून निघाली.

यानंतर इंग्लंडमध्ये ही साक्ष कचेरीत पोचली. नायजेल होम्स हा वनस्पतींचा जाणकार १९७० च्या दशकाच्या शेवटापासून ब्रिटनच्या नद्या पालथ्या घालीत होता. शंभराहून अधिक नद्यांवर हजारावर ठिकाणच्या वनस्पती नोंदवून त्याने १९८३ मध्ये तिथल्या नद्यांचे वर्गीकरण सिद्ध केले. पुढे १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने शहरांच्या मैलापाण्याविषयी कायदा केला. ज्या नद्या अतिपोषणाने बिघडल्या आहेत किंवा बिघडण्याच्या बेतात आहेत त्या ‘संवेदनक्षम’ ठरवाव्यात, आणि दहा हजारांहून अधिक वस्तीचे मैलापाणी अशा नदीत सोडणाऱ्या केंद्रांनी त्यातील पोषकद्रव्येही काढावीत, असा त्याचा एक नियम होता. इंग्लंडातले पाणीपुरवठ्याचे धंदे १९८९ मध्येच खासगी कंपन्यांकडे गेले होते. स्फुरद काढायचा म्हणजे नवी यंत्रे, रसायने आणि कायमचा खर्च. तेव्हा अमुक नदी अमुक केंद्राच्या पाण्यानेच बिघडली, हे सिद्ध कसे करावे? इथे पाणवनस्पतींना साक्षीला बोलावण्यात आले.

त्यासाठी होम्सने जी पद्धत बसवली तिला सरासरी पोषणांक म्हणता येईल. १९९९ मध्ये तिची सविस्तर पुस्तिका निघाली. पद्धत सोपी आहे आणि शाळेतल्या मुलालाही गणित जमेल. नदीचा १०० मीटरांचा टप्पा घ्यायचा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, तिथे उतरून दिसेल ती प्रत्येक वनस्पती नोंदवायची. यादीतल्या शंभरावर वनस्पतींना १ ते १० असे गुण आधीच ठरवून दिलेले आहेत. गरीब, निवळ पाण्याशीच जिचे जमते तिला १०. खताने भरलेल्या पाण्यातही जी निभावते तिला १. क्लॅडोफोरा हे केसाळ शैवाल आणि फणीच्या दातांसारख्या बारीक पानांचे पोटॅमोजेटॉन पेक्टिनाटस यांना १ गुण. मिरिओफिलम या पिसासारख्या पानांच्या कुळात दोन बहिणी आहेत. एकीला ८ गुण, दुसरीला ३. दिसायला दोघी सारख्याच. वरवर पाहणारा फसलाच म्हणून समजा.

मग प्रत्येक वनस्पतीने तळाचा किती भाग व्यापला आहे त्यालाही १ ते ९ आकडा द्यायचा. गुण आणि व्याप यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची, तिला व्यापांच्या बेरजेने भागायचे आणि दहाने गुणायचे. समजा, केंद्राच्या वरच्या बाजूला ८ गुणांच्या वनस्पतीचा व्याप ६ आणि १ गुणाच्या शैवालाचा २ आहे. ४८ आणि २ मिळून ५०. त्याला ८ ने भागून दहाने गुणले की ६२.५. केंद्राच्या खालच्या बाजूला पहिलीचा व्याप ३ वर उतरला आणि शैवालाचा ७ वर चढला, तर २४ आणि ७ मिळून ३१. त्याला १० ने भागून दहाने गुणले की ३१. वर ६२.५ आणि खाली ३१! मध्ये कोण बसले आहे ते सांगायला ज्योतिषी नको. आकडा ६५ च्या वर असेल तर नदी अतिपोषणाने बिघडली असण्याचा संभव कमी. २५ च्या खाली असेल तर ती फार बिघडलेली, असा साधारण दंडक होता. फ्रान्स आणि जर्मनी या देशांनीही आपापल्या वनस्पतींचे असेच अंक बसवले.

पण साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच, आणि तीत या साक्षीदाराची काही वर्मे उघडी पडली. पहिले वर्म मुळांचे. १९८० मध्ये कॅनडातील कॅरिन्यँ आणि काल्फ या संशोधकांनी किरणोत्सर्गी स्फुरद वापरून नऊ सामान्य पाणवनस्पती तपासल्या. त्यांना लागणारा स्फुरद बहुतांशी पाण्यातून येत नव्हता, तळाच्या गाळातून येत होता. पाणी अतोनात पोसलेले असतानाही सरासरीने ७२ टक्के वाटा गाळाचाच. म्हणजे मूळ धरणारी वनस्पती आजच्या पाण्यापेक्षा वर्षानुवर्षे साठलेल्या गाळाविषयी जास्त बोलते. केंद्राने आज स्फुरद सोडणे बंद केले म्हणून तळाची वस्ती उद्या बदलत नाही. नदीची स्मृती गाळात असते.

दुसरे वर्म बुचरने १९३३ मध्येच दाखवले होते. काठावरच्या झाडांची सावली, पाण्याची ओढ, खालचा दगड, यांनीही वस्ती बदलते. चुनखडीच्या प्रदेशातली नदी निसर्गतःच थोडी सधन असते. डोंगरावरच्या कातळातली मुळातच गरीब. दोघींना एकच गज लावला तर पहिली विनाकारण गुन्हेगार ठरते आणि दुसरी थोडी बिघडली तरी सुटून जाते. ही टीका रास्त होती. युरोपीय संघाने २००० मध्ये पाण्याविषयी जो नवा व्यापक कायदा केला त्यात यावर उपाय योजला. नदीची तुलना तिच्याच जातीच्या अबाधित नदीशी करायची. तिथे कोणती वस्ती असायला हवी होती आणि प्रत्यक्षात कोणती आहे यांच्या प्रमाणावरून नदीला उत्तम ते वाईट अशा पाच वर्गांपैकी एक द्यायचा. इंग्लंडमध्ये जुन्या पोषणांकाची जागा या तत्त्वावरच्या नव्या पद्धतीने घेतली. रसायनाची बाटली मात्र कोणी फेकून दिली नाही. बाटली आजचे सांगते, वनस्पती गेल्या कित्येक महिन्यांचे. दोन्ही साक्षी जुळल्या म्हणजे न्याय सोपा होतो.

आता आपल्या दारातल्या नद्यांकडे वळू. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा, यांच्या काठचा माणूस एका साक्षीदाराला चांगलाच ओळखतो. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती पाण्यावर तरंगते. तिची झुपकेदार मुळे गाळात न शिरता पाण्यात लोंबकळतात. म्हणून ती आपले खाद्य सरळ पाण्यातून घेते, आणि पात्रावर तिचा गालिचा पसरला म्हणजे त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद यांचा तोटा नाही, हे समजून घ्यावे. पण एका वनस्पतीवरून मोजपट्टी होत नाही. नदी पार बिघडली हे जलपर्णी ओरडून सांगते. ती बिघडू लागली होती तेव्हा हळूच कोण सांगत होते, ते ऐकायला दुसऱ्या वनस्पती ओळखाव्या लागतात.

त्या आपल्याकडे नाहीत असे नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि धावत्या नद्यांत पोडोस्टेमेसी कुळातल्या चिमुकल्या वनस्पती कातळाला शेवाळासारख्या चिकटून राहतात आणि पावसाळ्यानंतर पाणी उतरले की फुलतात. त्यांना वाहते, निवळ पाणी आणि उघडा कातळ लागतो. गाळाची साय चढली की त्यांचे बिऱ्हाड मोडते. मात्र इंग्लंडची गुणांची यादी जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही. तिकडच्या वनस्पती वेगळ्या, आणि तिकडची नदी बारा महिने बेताने वाहते. आपल्या नद्यांना पावसाळ्यात महापूर येतो आणि उन्हाळ्यात त्यांचे डोह उरतात. एका पुराने सारी वस्ती धुऊन निघते आणि दिवाळीनंतर पुन्हा बसू लागते. तेव्हा मोजणीचा हंगाम, टप्पे, गुण, सारे आपले आपणच ठरवावे लागेल. मोसाखवर कोहलर गेला तसे कोणी तरी वर्षानुवर्षे त्याच घाटाखाली, त्याच शंभर मीटरांत उतरून नावे लिहून ठेवली पाहिजेत.

जलपर्णी वाढली की दर उन्हाळ्यात नगरपालिका नावा आणि यंत्रे लावून ती काढतात, काठावर तिचे ढीग पडतात आणि पात्र काही आठवडे मोकळे दिसते. ती काढावीच लागते. डास होतात, पाणी गुदमरते. पण ती ज्या खतावर वाढली ते वरच्या अंगाने येतच राहिले, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर होते. साक्षीदाराला कचेरीबाहेर काढले म्हणजे खटला निकालात निघत नाही.